वाई : घाट, मंदिरं, वाडे... पूर्ण दिवस काढतोय, काय काय बघावं?

सह्यवाटा
नमस्कार मंडळी. महाबळेश्वरला जाता-येता वाईला थांबणं झालंय, पण दरवेळी तेच, ढोल्या गणपतीचं दर्शन, नारळ, परत गाडीत. यावेळी ठरवलंय की फक्त वाईच बघायची, वर घाट चढायचाच नाही. फेब्रुवारीत यायचा विचार आहे. सोबत आईबाबा (आईचे गुडघे दुखतात, खूप पायऱ्या नकोत) आणि सहावीतली मुलगी, तिला हल्ली इतिहासाचं वेड लागलंय, प्रत्येक ठिकाणी हे कोणी बांधलं आणि का बांधलं विचारते. नेटवर सगळीकडे तीच पाच ठिकाणं आणि तेच फोटो. तर इथल्या जाणकारांनी नीट सांगा, कुठून सुरुवात करावी, कुठं जास्त वेळ द्यावा, आणि काय सोडलं तरी चालेल.

कृष्णाकाठचा
वाईकर आहे, त्यामुळे लांबलचक लिहिणार, आधीच सांगतो :)

पहिली गोष्ट म्हणजे गाडी घाटाजवळ आणू नका, बाहेर कुठंतरी लावा आणि चालत या. वाई ही घाटांची आहे, सात घाट आहेत, गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड. नावं बघा, घाटाचं नाव म्हणजेच आळीचं नाव. प्रत्येक आळीचा आपला घाट, आपलं देऊळ आणि आपला उत्सव, अशी सगळी गावाची रचनाच नदीकडे तोंड करून झालीय. लोक काय करतात, गणपती आळीचा घाट बघतात आणि वाई बघितली म्हणतात. तुम्ही गणपतीपासून सुरुवात करा हरकत नाही पण तिथून दोन्ही बाजूंना जमेल तेवढं काठाकाठानं चाला. गणपती सोडून दोनशे पावलं गेलात की गर्दी संपते, धुणं धुणाऱ्या बायका, पोहायला आलेली पोरं, पारावर बसलेले म्हातारे, हे सगळं दिसायला लागतं. जागोजागी छोटी छोटी महादेवाची देवळं आहेत, काहींची नावं आम्हालाच धड आठवत नाहीत पण दगडी काम बघत बसावं असं.

आईंसाठी : घाटाच्या पायऱ्या उतरायची गरज नाही, वरच्या अंगानं आळीतून चालता येतं आणि दोन गल्ल्यांच्या फटीतून नदी दिसत राहते.

दगडधोंडे
वरच्याला शंभर टक्के अनुमोदन. मी बांधकामाच्या क्षेत्रातला आहे म्हणून मुलीसाठी एक खास गोष्ट सांगतो, ढोल्या गणपतीच्या देवळाच्या मागे जायला सांगा तिला. बहुतेक लोक पुढून दर्शन घेतात आणि पुढूनच परत फिरतात. देवळाची मागची भिंत सरळ नाहीये, ती माशासारखी निमुळती केलीय. का, तर देऊळ अगदी घाटावर, नदीच्या पात्राला लागून बांधलंय, पूर आला की पाणी थेट भिंतीवर आदळणार. सपाट भिंत असती तर सगळा जोर तिनं झेलला असता, निमुळत्या भिंतीवर पाणी दुभंगतं आणि दोन्ही बाजूंनी निघून जातं. पुलाच्या खांबांना पुढून जी टोकदार बाजू देतात त्यामागचं तत्त्व हेच. देऊळ 1762 चं, गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलेलं. म्हणजे अडीचशे वर्षांहून जास्त काळ कृष्णेचे पूर अंगावर घेऊन ते उभं आहे. "का बांधलं" विचारणाऱ्या पोरीला याच्याएवढं चांगलं उत्तर दुसरं मिळणार नाही.

आतली मूर्ती एकाच दगडातली आणि प्रचंड, ढोल्या हे नाव का पडलं ते समोर उभं राहिलं की सांगावं लागत नाही.

घाटावरची
आणि कृपया शेजारच्या काशीविश्वेश्वराला घाईत उरकू नका!! गणपतीच्या गर्दीत तो मागे पडतो आणि मला दरवेळी वाईट वाटतं. ते देऊळ गणपतीच्याही आधीचं, 1757 चं, आनंदराव भिकाजी रास्ते यांचं. समोरचा नंदी बघा, काळ्या दगडाचा, इतका गुळगुळीत घासलाय की उन्हात चमकतो, आणि गळ्यातल्या माळा, घंटा, पाठीवरची झूल सगळं त्याच दगडात कोरलेलं. दीपमाळा आहेत, दगडी मंडप आहे, आवार प्रशस्त आहे. आईला तिथं शांत बसता येईल, सावली असते.

माझी आजी म्हणायची की गणपतीला मागायला जायचं आणि विश्वेश्वराला नुसतं बसायला जायचं. मी अजूनही तसंच करते.

सह्यवाटा
अरे वा, मागच्या भिंतीचं माहीतच नव्हतं, इतक्यांदा जाऊन कोणी सांगितलं नाही. दगडधोंडे दादा, खूप आभार. हे रास्ते म्हणजे पुण्याच्या रास्ता पेठेतले का? दोन्ही देवळं त्यांचीच, मग वाईशी त्यांचा संबंध कसा आला?

मोडीवाचक
हो, रास्ता पेठ याच घराण्याच्या नावाची. मूळ आडनाव गोखले. घराणं सावकारी आणि सरदारकी दोन्हीत मोठं, पण वाईच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट म्हणजे भिकाजी नाईक रास्ते यांची मुलगी गोपिकाबाई, ती नानासाहेब पेशव्यांची बायको. विश्वासराव, माधवराव, नारायणराव ही तिची मुलं. एक मुलगा पानिपतात गेला, दुसरा क्षयानं, तिसऱ्याचा शनिवारवाड्यात खून, तिन्ही मुलं तिच्या डोळ्यांदेखत गेली, शेवटची वर्षं तिनं नाशिकजवळ गंगापूरला काढली. तर वरची दोन्ही देवळं बांधणारे हे तिच्या माहेरचे. पेशव्यांचं सासर म्हटल्यावर पैसा आणि कारागीर कमी पडण्याचा प्रश्न नव्हता. वाईतलं जे जे देखणं दगडी काम आपण बघतो त्यातलं बरंचसं 18 व्या शतकातल्या त्या मोजक्या दशकांतलं आहे, आणि त्याच्यामागे हे नातं आहे.

पण वाईचा इतिहास पेशव्यांपासून सुरू होत नाही हे मुलीला नक्की सांगा. आदिलशाहीत वाई हा महत्त्वाचा परगणा होता, अफझलखानाकडे इथली सुभेदारी होती. म्हणून 1659 साली तो आधी इथं तळ ठोकून बसला, मुलूख त्याच्या ओळखीचा होता. मग पसरणीच्या अंगानं वर चढून रडतोंडीच्या घाटानं जावळीत उतरला आणि 10 नोव्हेंबरला प्रतापगडाखाली काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे. पुढं 1687 साली सरसेनापती हंबीरराव मोहिते पडले ते याच वाईजवळच्या लढाईत, लढाई मराठ्यांनी जिंकली पण सेनापती गेला. आज पसरणी घाटातून गाड्या वर जातात तेव्हा किती जणांना हे आठवतं माहीत नाही. घाटातल्या वळणावर थांबून खाली वाईचं खोरं बघितलं की खानानं हीच जागा का निवडली ते डोळ्यांनी कळतं, वरच्या डोंगरात शिरायच्या आधीचा हा शेवटचा मोकळा सपाट मुलूख, दाणापाणी मुबलक.

कृष्णाकाठचा
मोडीवाचक साहेब, यालाच जोडून कृष्णाबाईचा उत्सव. सह्यवाटा, तुम्ही फेब्रुवारीत येताय म्हणजे नशीबवान आहात, साधारण जानेवारी ते मार्च या काळात सातही घाटांवर आळीपाळीनं उत्सव असतो. कृष्णा नदी म्हणजे आम्हाला कृष्णाबाई, घरातली मोठी बाई. तिची मूर्ती घाटावरच्या मांडवात आणून बसवतात, कीर्तन, भजन, हळदीकुंकू, जेवणावळी, पालखी. एका आळीचा उत्सव उरकला की पुढच्या आळीचा. घरोघरच्या सासुरवाशिणी माहेरी येतात. आमच्याकडे दिवाळीला आला नाहीस तरी चालेल पण कृष्णाबाईला ये असं सांगतात.

परंपरेनं कथा अशी सांगतात की खान वाईत असताना शिवाजी महाराजांना यश मिळावं म्हणून इथल्या शेंड्ये घराण्यातल्या एका शास्त्र्यांनी कृष्णेला नवस बोलला आणि खानाचा पाडाव झाल्यावर तो फेडला, तिथून उत्सव सुरू झाला.

मोडीवाचक
कथा सुंदर आहे, आणि परंपरा म्हणूनच ऐकावी असं माझं मत. समकालीन कागदाच्या बळावर सांगता येणारी गोष्ट वेगळी आणि गावानं पिढ्यानपिढ्या जपलेली आठवण वेगळी. मुलीला दोन्ही सांगा पण दोन्हींतला फरकही सांगा, इतिहासाची आवड असेल तर तिला तो फरक आत्ताच कळलेला बरा.

कृष्णाकाठचा
मान्य. पण त्या आठवणीवर अख्खं गाव दरवर्षी जमतं हेही खरं आहे ना, तेही बघण्यासारखंच आहे.

मोडीवाचक
अगदी. त्याबद्दल दुमत नाहीच.

शाळामास्तर
सगळे देवळं आणि वाड्यांवर बोलतायत, गंगापुरीबद्दल कोणीच काही लिहीत नाही म्हणून राहवलं नाही. माझ्या मते वाईचं सगळ्यात मोठं वैभव दगडात नाहीये.

प्राज्ञपाठशाळा. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे नंतरचे स्वामी केवलानंद सरस्वती, यांनी उभी केलेली. जुन्या पद्धतीनं शास्त्रं शिकवायची पण विद्यार्थ्याची नजर नवी करायची असं तिथलं वळण. गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन विनोबा इथं शिकायला आले होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथलेच विद्यार्थी, खानदेशातल्या पिंपळनेरहून लहानपणी आलेला मुलगा, वाईचाच होऊन गेला. पुढं 1932 मध्ये गांधीजी येरवड्याला असताना अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार नाही हे मांडणाऱ्या पंडितांत तर्कतीर्थ पुढे होते. म्हणजे बघा, ज्या गावाला दक्षिण काशी म्हणतात, जिथं कर्मठपणा कमी नव्हता, तिथूनच कर्मठपणाला शास्त्रानंच उत्तर देणारी माणसं तयार झाली. धर्मकोशाचं, म्हणजे धर्मशास्त्राच्या ग्रंथांतली वचनं विषयवार गोळा करण्याचं, प्रचंड काम याच पाठशाळेत सुरू झालं.

आणि मराठी विश्वकोश! तर्कतीर्थ प्रमुख संपादक म्हणून त्याचं कार्यालय मुंबई-पुण्यात न जाता वाईत आलं. पहिला खंड 1976 साली निघाला, एकूण 20 खंड. अणुविज्ञानापासून संगीतापर्यंत सगळ्या विषयांच्या नोंदी मराठीत लिहून घ्यायच्या, पारिभाषिक शब्द ठरवायचे, तपासायचे, आणि हे सगळं एका तालुक्याच्या गावात, नदीकाठी. पूर्वी राज्यभरातून लेखक-संपादक या कामासाठी वाईला येऊन राहायचे. आज तेच सगळं नेटवर फुकट वाचता येतं आणि पोरं वापरतात पण ते कुठं तयार झालं हे विचारलं तर गप्प. मुलीला गंगापुरीत नक्की न्या. बाहेरून इमारत बघितली तरी चालेल पण आधी घरी तिला विश्वकोशातली एखादी नोंद वाचायला लावा, मग तिथं उभं राहण्यात अर्थ आहे.

घाटावरची
मास्तर 🙏 हे लिहिलंत ते फार बरं केलंत. उन्हाळ्यातली वसंत व्याख्यानमाला पण सांगा ना लोकांना. मे महिन्यात टिळक ग्रंथसंग्रहालयाच्या वतीनं संध्याकाळी व्याख्यानं असतात, राज्यभरातले नामवंत वक्ते येऊन गेलेत. आम्ही लहानपणी काही कळत नसताना सतरंजीवर बसून ऐकायचो. एवढ्याशा गावात व्याख्यानाला गर्दी होते हे बाहेरच्यांना पटत नाही.

सह्यवाटा
विश्वकोशाचं वाईशी नातं आहे एवढं माहीत होतं, पण प्राज्ञपाठशाळा आणि विनोबा हे पहिल्यांदाच ऐकतोय. गंगापुरी पक्की. आता मेणवली आणि धोमबद्दल सांगा. बारा मोटेची विहीर पण त्याच दिवशी होईल का?

दगडधोंडे
विहीर त्याच दिवशी नको. ती लिंबला, म्हणजे साताऱ्याच्या जवळ, हायवेला येऊन परत आत शिरायचं. विहीर अप्रतिमच आहे, 1719 ते 1724 या काळात विरूबाई भोसले यांनी बांधलेली, खाली उतरलं की पाण्याच्या वर चक्क महाल केलाय बसायला. पण तिला घाईनं बघण्यात मजा नाही आणि पायऱ्याही आहेत, आईंना त्रास. साताऱ्याची वेगळी ट्रिप करा.

मेणवली मात्र वाईपासून तीनेक किलोमीटरवर, तिथं वेळ द्या. नाना फडणवीसांना हे गाव 1768 मध्ये इनाम मिळालं आणि मग त्यांनी वाडा, घाट आणि देवळं असं सगळं एकत्र बांधून काढलं. बांधकाम म्हणून मला ढोल्या गणपतीपेक्षा मेणवलीचा घाट सरस वाटतो, हे माझं वैयक्तिक मत. चंद्रकोरीसारखा वळवलेला घाट, नदीचं वळण आणि घाटाचं वळण एकमेकात मिसळून गेलंय, कुठं निसर्ग संपतो आणि कुठं गवंड्याचं काम सुरू होतं कळत नाही. वाडा सहा चौकांचा, आत जुनी भित्तिचित्रं आहेत. पण लक्षात ठेवा, वाडा खाजगी मालकीचा आहे, कधी उघडा असतो कधी बंद, आधी चौकशी करा आणि आत सोडलं तर सांगतील तेवढंच बघा. लोक भिंतींवरच्या चित्रांना हात लावून बघतात, अहो तो रंग दोनशे वर्षांचा आहे.

मोडीवाचक
मेणवलीत मुलीला घंटा दाखवा. मेणेश्वराच्या देवळाजवळ एका छोट्या दगडी मंडपात टांगलीय, नीट बघितलं की तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि 1707 हे साल दिसतं. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांना दिल्या, त्यातली ही एक. नाशिकच्या नारोशंकराची घंटा आणि भीमाशंकरची घंटा, त्याही त्याच मोहिमेतल्या. पोर्तुगीजांनी ओतलेली घंटा, वसईच्या विजयाची खूण म्हणून कृष्णेच्या काठी महादेवाच्या दारात. एका वस्तूत एवढा इतिहास सहसा सापडत नाही. फक्त तिला जोरजोरात बडवू नका, येणारा प्रत्येक माणूस वाजवूनच जातो.

रानवाटसरू
गडांचं कोणीच बोलेना! पांडवगड, वैराटगड, केंजळगड, कमळगड, सगळे वाईच्या आजूबाजूला. पांडवगड घाटावरूनच दिसतो. आईबाबांसोबत शक्य नाही पण पुढच्या वेळी लक्षात असू द्या. आणि लोहाऱ्याजवळ बौद्ध लेणी आहेत, म्हणजे या खोऱ्यातून व्यापाराची वाट फार जुन्या काळापासून होती. तिथं जेमतेम कोणी जातं.

सह्यवाटा
नोंद केली. मुलीला घेऊन पांडवगड नक्की करणार कधीतरी.

घाटावरची
धोमबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. धोमला नरसिंहाचं देऊळ आणि सिद्धेश्वराचं देऊळ आहे. सिद्धेश्वरासमोर कमळाच्या आकाराचं दगडी कुंड, त्यात मधोमध कासव, आणि त्या कासवाच्या पाठीवर नंदी. कुंडात पाणी भरलं की कासव पाण्यात तरंगतंय आणि नंदी त्याच्यावर बसलाय असं दिसतं. मी खूप देवळं बघितली पण अशी कल्पना दुसरीकडे बघितली नाही. गर्दी नसते. चढ नाही, आईला अगदी आरामात जमेल. मेणवली करून तसंच पुढं धोमला जायचं, त्याच रस्त्यावर.

कृष्णाकाठचा
ताईंनी धोम काढलंच आहे तर मनातलं बोलतो. वर धोम धरण आहे, त्याच्याही वर बलकवडी. धरणामुळे शेतीला पाणी आलं, वाईच्या हळदीला आणि उसाला त्याचाच आधार, त्याबद्दल तक्रार नाही. पण आता घाटाखाली पाणी किती असणार हे वरून किती सोडलंय त्यावर ठरतं. पाणी कमी असलं की गटाराचं पाणी आणि जलपर्णी दिसते, उन्हाळ्यात तर वास येतो. गावातली मंडळी सुट्टीच्या दिवशी पात्रात उतरून कचरा काढतात, किती वर्षं झाली, पोत्यांनी काढतात. आणि वर काठावर निर्माल्याच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या येतच राहतात, त्यात बाहेरून येणाऱ्यांचा वाटा मोठा. देवाला वाहिलेलं फूल नदीत टाकायचं म्हणजे पुण्य आणि पिशवीसकट टाकायचं म्हणजे काय? नदीलाच आई म्हणतो ना आपण. येताना पिशवी आणली तर परत न्या, एवढीच विनंती, सगळ्यांनाच.

दगडधोंडे
याला जोडून माझी पण एक. जुन्या दगडी देवळांना ऑइल पेंट मारायची जी टूम निघालीय ती कुठंही दिसली तर विरोध करा. बेसॉल्टचा दगड आणि चुन्यानं भरलेले सांधे, यातून ओल आतबाहेर होत राहते, भिंत श्वास घेते असं आम्ही म्हणतो. वरून ऑइल पेंट किंवा सिमेंटचा थर दिला की ओल आत अडकते, मग सांधे फुगतात, पोपडे निघतात, आणि मग अजून सिमेंट. श्रद्धेनंच करतात लोक, पैसे गोळा करून करतात, पण नुकसान होतं. साधी पाण्यानं धुलाई, सांध्यांतलं गवत मुळासकट काढणं आणि सांधे परत चुन्यानं भरणं एवढं केलं तरी ही देवळं अजून कितीतरी पिढ्या बघतील.

शाळामास्तर
दगडधोंडे, हे कुठल्यातरी आळीच्या बैठकीत येऊन सांगाल का? इथं लिहून पन्नास लोक वाचतील, तिथं दहा लोक ऐकतील पण ते दहा जण निर्णय घेणारे असतील.

दगडधोंडे
येतो की. कृष्णाबाईच्या उत्सवात सगळी आळी जमलेली असते ना, तेव्हाच ठेवा. स्लाइड्स घेऊन येतो, आधीचे-नंतरचे फोटो आहेत माझ्याकडे.

कृष्णाकाठचा
तुम्हाला मेसेज करतो, आमच्या आळीच्या पंचांशी बोलून तारीख कळवतो. जेवायलाच या.

सह्यवाटा
धागा काढल्याचं सार्थक झालं. आता असं ठरवलंय, सकाळी ऊन वाढायच्या आधी गणपती, मागची भिंत, काशीविश्वेश्वर आणि काठाकाठानं जमेल तेवढं. मग गंगापुरी. जेवून आईला थोडी विश्रांती, मग मेणवली आणि शेवटी धोम. मुलीनं आजपासूनच विश्वकोशातली कृष्णा नदीची नोंद काढून वाचायला घेतलीय. दोन शेवटचे प्रश्न, रेल्वेनं आलो तर कुठं उतरायचं, आणि बावधनचं बगाड फेब्रुवारीत असतं का?

कृष्णाकाठचा
रेल्वेला वाठार स्टेशन जवळचं पण तिथून पुढं परत गाडी बघावी लागते, आईबाबा सोबत आहेत तर एसटी किंवा स्वतःची गाडी बरी. पुण्याहून येताना हायवेला सुरूर फाट्यावर आत वळायचं, साताऱ्याकडून आलात तर पाचवडवरून.

बगाड रंगपंचमीला असतं, म्हणजे होळीनंतर, तुमच्या फेब्रुवारीत बसणार नाही. भैरवनाथाची यात्रा, सोनेश्वरापासून कृष्णेच्या काठावरून निघतं, उंच शिडाला नवसाचा बगाड्या टांगलेला आणि बैलांच्या कितीतरी जोड्या लावून शेतातून बावधनपर्यंत ओढत नेतात. तुफान गर्दी असते, आईंना घेऊन अजिबात येऊ नका, तुम्ही आणि मुलगी वेगळे या. आणि निघायच्या आदल्या दिवशी इथंच लिहा, त्यावेळी कुठल्या घाटावर उत्सव चालू आहे ते बघून सांगतो, त्याप्रमाणे चालायचं कुठून सुरू करायचं ते ठरवू.

घाटावरची
आणि आईंना सांगा हळदीकुंकवाला नक्की या म्हणून. ओळख लागत नाही, मांडवात आलेल्या प्रत्येकीला बोलावतात.